‘मुळासकट काढायची कमांड द्या’: मायएसक्यूएल, पर्ज आणि ते तारांकन

तुमचा प्रश्न मी असा समजलो. लॅपटॉपवर उबुंटू 22.04 आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर टाकला, नीट चालला. मग वेग वाढवायला एका जुन्या लेखातून क्वेरी कॅशच्या (एकदा दिलेली उत्तरं साठवून ठेवणाऱ्या सोयीच्या) दोन ओळी उचलून कॉन्फिग फाइलीत घातल्या आणि तेव्हापासून सर्व्हिस उठतच नाही. ‘एपीटी रिमूव्ह’ करून परत टाकलं, चूक तीच. ‘एपीटी पर्ज मायएसक्यूएल-सर्व्हर’ केलं, परत टाकलं, तरी तीच. आता कुणीतरी सांगितलंय की मायएसक्यूएलपुढे तारांकन लावून पर्ज करा आणि ईटीसीतलं (सिस्टिमच्या सेटिंगांच्या फोल्डरातलं) मायएसक्यूएलचं फोल्डर हातानेच उडवा. जाता जाता ‘जुनं’ पायथन 3.10 काढून नवं टाकायचाही विचार आहे. ‘कुड नॉट गेट लॉक’ या चुकीबद्दलही ओझरतं विचारलंय. एकच कमांड हवी आहे, सगळं मुळासकट काढणारी.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

तुमची खरी अडचण ‘काढता येत नाही’ ही नाहीच. काढल्यावर काय उरतं आणि ते कुणाच्या नावावर नोंदलंय, हे दिसत नाहीये. एवढं दिसलं की कमांड आपोआप सुचते. कदाचित काहीही काढायची गरज पडणार नाही, त्यावर शेवटी येतो.

उबुंटूखाली डेबियनची यंत्रणा आहे. डेबियन 1993 मध्ये सुरू झालं. पॅकेज उघडून फाइली जागच्या जागी ठेवायचं आणि त्यांची नोंद ठेवायचं काम डीपीकेजी करतं. त्याला सोबतची पॅकेजं शोधून आणता येत नाहीत. ‘अमुक पॅकेज नाही’ म्हणून ते अडून बसतं, आणणं तुमच्याकडे. ही शोधाशोध करणारं एपीटी 1999 च्या डेबियन 2.1 मध्ये आलं. म्हणजे तुम्ही बोलता एपीटीशी, पण दप्तर डीपीकेजीचं. तलाठ्याच्या दप्तरात जमीन ज्याच्या नावावर, ती त्याची. बांधावर कुणी आंब्याचं झाड लावलं म्हणून नोंद बदलत नाही. इथेही तसंच. दप्तरात नाही ते डीपीकेजी काढत नाही.

प्रत्येक पॅकेजचा पसारा ढोबळ मानाने तीन प्रकारचा असतो. प्रोग्रामच्या फाइली, ईटीसीमधली सेटिंगं, आणि प्रोग्राम चालताना तयार झालेला डेटा. रिमूव्ह फक्त पहिला प्रकार काढतं. सेटिंगं मुद्दाम ठेवतं, कारण बरेच लोक पॅकेज काढून लगेच परत टाकतात आणि तासभर खपून केलेली सेटिंगं गेली तर शिव्या घालतात. पर्ज सेटिंगंही काढतं. डेटाचं काय होणार हे त्या पॅकेजच्या स्क्रिप्टवर अवलंबून असतं. तुमच्या होम फोल्डरला मात्र रिमूव्ह किंवा पर्ज, दोन्ही हात लावत नाहीत.

मग पर्ज करूनही चूक तीच का? हा भाग मजेदार आहे आणि यात भलेभले फसतात. ‘मायएसक्यूएल-सर्व्हर’ नावाचं पॅकेज जवळजवळ रिकामं असतं. त्याचं काम एवढंच की ‘मायएसक्यूएल-सर्व्हर-8.0’ या खऱ्या पॅकेजकडे बोट दाखवायचं. तुम्ही पर्ज केलंत ते या बोट दाखवणाऱ्याला. ज्या फाइलीत तुम्ही दोन ओळी घातल्या, ती नोंदलेली आहे 8.0 वाल्याच्या नावावर. नंतर तुम्ही बहुतेक ऑटोरिमूव्हही (आपोआप आलेली, आता न लागणारी पॅकेजं काढणारी कमांड) केलं असेल. त्याने 8.0 वालं काढलं, पण रिमूव्ह पद्धतीने. म्हणजे सेटिंगं तशीच राहिली. परत टाकताना डीपीकेजीने पाहिलं की फाइल जागेवर आहे आणि मालकाने तीत बदल केलेत, म्हणून सभ्यपणे तीच ठेवली. तुमच्या दोन ओळींसकट.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुढच्या वेळी काही काढल्यावर ‘डीपीकेजी डॅश-एल’ चालवा आणि ग्रेपने (ओळी गाळणाऱ्या कमांडने) मायएसक्यूएलच्या ओळी वेगळ्या काढा. ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. ‘आयआय’ म्हणजे पॅकेज व्यवस्थित बसलेलं आहे. ‘आरसी’ म्हणजे पॅकेज काढलंय, पण कॉन्फिग फाइली शिल्लक आहेत. अशा ‘आरसी’ पॅकेजचं पूर्ण नाव देऊन पर्ज केलं की उरलेली सेटिंगंही जातात, त्यासाठी ते पुन्हा टाकावं लागत नाही. माझ्याकडे कुणी जुनं मशीन आणून दिलं की मी आधी ही यादी बघतो. पाच-सहा वर्षांत कुणी काय काय करून पाहिलं, सगळं त्या ‘आरसी’ ओळींत सापडतं.

आता ईटीसीतलं फोल्डर हाताने उडवायचा सल्ला. तो सगळीकडे दिसतो आणि त्यात एक खोच आहे. पॅकेजची कॉन्फिग फाइल तुम्ही हाताने पुसली, तर डीपीकेजी त्याचा अर्थ ‘मालकाला ही फाइल नको आहे’ असा घेतं. परत इन्स्टॉल केल्यावर ती फाइल परत येत नाही! मग सर्व्हिस वेगळ्याच कारणाने अडते आणि माणूस म्हणतो, ‘पुसलं तरी जमेना, ठेवलं तरी जमेना.’ तुम्ही फोल्डर उडवून बसला असाल, तर त्या नेमक्या पॅकेजचं पर्ज करून मग इन्स्टॉल करा. पर्जमुळे जुनी नोंद मिटते आणि फाइल नव्याने बसते.

तारांकनाकडे वळू. मी ते वापरत नाही. कारण साधं आहे, त्याचा अर्थ कुणी लावायचा यावर सगळं ठरतं. अवतरणचिन्हं दिली नाहीत तर आधी शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचणारा प्रोग्राम, अर्थ लावतं. तुम्ही उभे आहात त्या फोल्डरमध्ये मायएसक्यूएल नावाने सुरू होणारी बॅकअप फाइल असेल, तर शेल तारांकनाच्या जागी तिचं नाव भरतं आणि एपीटी म्हणतं, असलं पॅकेज सापडत नाही. अवतरणचिन्हं दिली तर एपीटी अर्थ लावतं, पण त्याचे नियम आवृत्तीनुसार बदललेत. जुनं एपीटी-गेट असल्या शब्दाला रेग्युलर एक्सप्रेशन (जुळवायचा नमुना) समजायचं आणि नावात कुठेही जुळलं तरी चालवून घ्यायचं. म्हणजे पीएचपी-मायएसक्यूएल आणि पोस्टफिक्स-मायएसक्यूएलही जाळ्यात. नव्या आवृत्त्या नावाच्या सुरुवातीपासून जुळवतात. तरीही त्यात मायएसक्यूएल-कॉमन येतंच, आणि त्याच्यावर मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी टेकलेली असते. लायब्ररी गेली की तिच्यावर टेकलेले प्रोग्रामही निघतात. दहा वर्षांपूर्वीच्या लेखातलं तारांकन आज तुमच्या मशीनवर काय काय उचलेल, हे लेख लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

म्हणून नावं पूर्ण लिहा आणि आधी रंगीत तालीम करा. ‘एपीटी-गेट डॅश-एस पर्ज’ आणि पुढे पॅकेजचं नाव. यात प्रत्यक्ष काहीच होत नाही, त्यामुळे सुडोही (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लागत नाही. काय काय केलं असतं त्याच्या ओळी छापून येतात. ‘आर-ई-एम-व्ही’ने सुरू होणारी ओळ म्हणजे रिमूव्ह, ‘पी-यू-आर-जी’ने सुरू होणारी म्हणजे पर्ज. तुम्हाला अपेक्षित होत्या चार ओळी आणि आल्या चाळीस, तर तिथेच थांबा. खरी कमांड चालवतानाही एपीटी हीच यादी दाखवून विचारतं, वाय की एन. ती यादी वाचायला अर्धं मिनिट लागतं, पण जवळजवळ कुणीच वाचत नाही.

2021 मध्ये लिनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या यूट्यूबरने उबुंटूवर बेतलेल्या पॉप ओएसवर स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला घेतलं होतं. पॅकेजांमधल्या एका घोळामुळे एपीटीने अख्खा डेस्कटॉप काढायचा बेत यादीत लिहून दाखवला आणि वर बजावलं की खरंच करायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से’ हे वाक्य टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉप गेला. घोळ पॅकेजवाल्यांचा होता हे खरं, आणि एपीटीच्या पुढच्या आवृत्त्यांत हा दरवाजा आवळलाही गेला. पण यादी पडद्यावर होती.

दुसऱ्याला हसायचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेचा सर्व्हर मी बघायचो, उबुंटू 18.04. त्यांची मराठी साइट कुणीतरी पीएचपीत हाताने लिहिलेली. सर्व्हरवर पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) उगाच उघडं पडलंय म्हणून एका रात्री मी ते काढलं. एपीटी म्हणालं, ही पॅकेजं आपोआप आली होती, आता लागत नाहीत. मी ऑटोरिमूव्हला ‘डॅश-वाय’ (न विचारता ‘हो’ धरायचा पर्याय) लावलं आणि झोपलो. सकाळी आठला फोन, ‘साहेब, साइट पांढरी झालीय.’

एरर लॉगमध्ये दिसलं की ‘एमबी-सबस्ट्र’ नावाचं फंक्शन सापडत नाही. हे फंक्शन पीएचपीच्या एमबीस्ट्रिंग मॉड्यूलमधलं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यामुळे बातमीचा मथळा कापायचा तर साधं फंक्शन चालत नाही. ते अक्षराच्या मधोमध कापतं आणि शेवटी चौकोन उमटतात. ज्याने साइट लिहिली त्याने योग्यच फंक्शन वापरलं होतं. पण ते मॉड्यूल सर्व्हरवर मुद्दाम कुणी टाकलंच नव्हतं. ते पीएचपीमायॲडमिनच्या शेपटीला धरून आलं होतं. दप्तरात त्याच्यापुढे ‘आपोआप’ अशी नोंद. हाताने लिहिलेली साइट दप्तरात नाहीच, त्यामुळे तिला ते लागतं हे एपीटीला कळणार कसं?

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. सिस्टिमच्या व्हार नावाच्या फोल्डरातल्या लॉग फोल्डरात एपीटीचं फोल्डर असतं आणि त्यात हिस्टरी नावाचा लॉग. प्रत्येक व्यवहाराची वेळ, तुम्ही टाइप केलेली कमांड आणि आलेल्या-गेलेल्या पॅकेजांची पूर्ण यादी त्यात असते. रात्रीच्या नोंदीतून नाव उचललं, परत टाकलं. नाव घेऊन इन्स्टॉल केलं की ते ‘मुद्दाम’ टाकलेलं धरलं जातं आणि ऑटोरिमूव्ह त्याच्या वाटेला जात नाही. आधीपासून असलेल्या पॅकेजवर हाच शिक्का मारायचा असेल तर ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’. मी ऑटोरिमूव्ह आजही वापरतो, पण ‘डॅश-वाय’शिवाय.

पायथनचं मात्र ठामपणे सांगतो, 3.10 काढू नका. ते तुमचं नाही, उबुंटूचं आहे. अपडेटची साधनं त्यावर चालतात, डेस्कटॉपचे बरेच तुकडे त्यावर टेकलेत, आणि नेटवर्क बांधणारं नेटप्लॅनही. म्हणजे पायथन काढल्यावर चूक लक्षात आली तरी परत टाकायला इंटरनेट असेलच असं नाही. नवं पायथन जुन्याच्या शेजारी सुखाने राहतं. डेडस्नेक्स नावाचं पीपीए (उबुंटूबाहेरचा पॅकेजांचा साठा) जोडून 3.12 टाकता येतं आणि ते पूर्ण आकड्यासकट नाव घेऊन चालवायचं. नुसतं ‘पायथन3’ म्हटल्यावर नवं उघडावं म्हणून लिंक फिरवायचा मोह होईल. फिरवू नका. टर्मिनल उघडेनासं होतं किंवा ‘एपीटी-पीकेजी’ नावाचं मॉड्यूल नाही अशा तक्रारी सुरू होतात, कारण ते मॉड्यूल 3.10 साठी बांधलेलं असतं. प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची स्वतंत्र जागा) करा आणि पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारं साधन, त्याच्या आत वापरा. सुडो लावून पिप चालवायची सवय असेल तर सोडा. 22.04 वर ते चालून जातं, पण त्याने टाकलेलं एपीटीच्या दप्तरात येत नाही. डेबियन 12 पासून, म्हणजे 2023 पासून, पिप तिथे स्वतःच अडवतं आणि एन्व्हायर्नमेंट वापरायला सांगतं. योग्यच आहे.

मशीनवर अशी दप्तरं एकाहून जास्त असतात. उबुंटू 22.04 वर एपीटीने फायरफॉक्स मागवलं तरी येतं ते स्नॅप (उबुंटूची दुसरी पॅकेज पद्धत), आणि स्नॅपचं दप्तर वेगळं. स्नॅप काढल्यावर त्याच्या डेटाची एक प्रत डिफॉल्टने 31 दिवस ठेवली जाते. ‘काढलं तरी डिस्क रिकामी होत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी हेच असतं. नको असेल तर स्नॅप रिमूव्हला पर्जचा पर्याय जोडतात. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) काढलं तरी त्याच्या इमेजेस व्हारमध्ये राहतात. आणि इंटरनेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट शेलमध्ये ओतली असेल, तर कुठलंच दप्तर नाही, ती स्क्रिप्ट उघडून वाचायची आणि उलट्या क्रमाने निस्तरायचं. एखादी फाइल कुणाची हे कळत नसेल तर ‘डीपीकेजी डॅश-कॅपिटल एस’ आणि पुढे फाइलीचा पूर्ण पत्ता द्या. मालक असेल तर नाव येतं.

हे सगळं डेबियनच्या घराण्याचं झालं. फेडोरा या दुसऱ्या घराण्यातल्या लिनक्समध्ये डीएनएफ, म्हणजे तिथलं एपीटी, पॅकेज काढतानाच बिनकामाची सोबतची पॅकेजंही काढतं, तिथे वेगळं ऑटोरिमूव्ह बहुधा लागत नाही. शिवाय ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ आहे, ज्याचा मला मनापासून हेवा वाटतो.

तुम्ही ओझरतं लॉकबद्दल विचारलंय. ‘कुड नॉट गेट लॉक’ आलं की लॉकची फाइल पुसू नका. बहुतेक वेळा मागे उबुंटूचं स्वयंचलित अपडेट चालू असतं, चहा घेऊन या. मध्येच वीज गेली आणि काम अर्धवट राहिलं असेल तर ‘डीपीकेजी कॉन्फिगर डॅश-ए’. कॉन्फिगरच्या आधी दोन डॅश.

आता तुमच्या मशीनवर काय करायचं ते. आधी व्हारमधल्या लॉगच्या आत मायएसक्यूएलचा एरर लॉग उघडा आणि शेवटच्या ओळी वाचा. तिथे ‘अननोन व्हेरिएबल’ आणि पुढे क्वेरी-कॅश-साइझ असं दिसेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. मायएसक्यूएल 8.0 मधून क्वेरी कॅश पूर्ण काढून टाकलाय आणि ओळखत नाही असं सेटिंग दिसलं की सर्व्हर सुरू व्हायलाच नकार देतो. तुमचा लेख 5.7 च्या किंवा त्याआधीच्या काळातला असणार. ईटीसीत मायएसक्यूएल, त्यात मायएसक्यूएल-डॉट-कॉन्फ-डॉट-डी, त्यातली मायएसक्यूएलडी नावाची फाइल उघडा, त्या दोन ओळींच्या आधी हॅश टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा. सुरू झाली तर काढायचं-टाकायचं प्रकरण इथेच संपलं.

ईटीसीतल्या मायएसक्यूएलच्या फोल्डरात ‘फ्रोझन’ नावाची फाइल दिसली तर गोष्ट वेगळी. याआधी कधी मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद डेटाबेस) टाकलं होतं का, ते आठवा. तिचा डेटा त्याच जागी राहिला की मायएसक्यूएलचं पॅकेज तो बिघडू नये म्हणून स्वतःला गोठवून घेतं. ती फाइल उघडून वाचा, पुढे काय करायचं ते आतच लिहिलेलं असतं.

आणि शेवटी पर्ज करायचंच ठरलं, तर आधी सर्व्हिस बंद करून व्हार-लिबमधलं मायएसक्यूएलचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग मायएसक्यूएल-सर्व्हर-8.0 हे पूर्ण नाव देऊन रंगीत तालीम, यादी वाचणं, आणि मगच सुडो. मध्ये एक निळा पडदा येईल, सगळे डेटाबेसही काढू का विचारणारा. कॉपी उघडून त्यात तुमच्या प्रोजेक्टचं फोल्डर दिसल्याशिवाय तिथे ‘येस’वर जाऊ नका.